स्टोअरची खिडकी आणि अण्णांच्या वह्या

मंडळी, गेले तीन-चार महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. (ज्यांनी फोन करून विचारपूस केली त्यांचे आभार. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडून!) न लिहिण्याचं कारण असं, की ज्या कामात मी दोन वर्षं बुडालो होतो ते सगळं एका संध्याकाळी संगणकाने गिळून टाकलं असं मला वाटलं. ते परत कसं मिळालं आणि त्या नादात मी एका भलत्याच विषयाच्या इतिहासात कसा शिरलो, ते आज सांगतो. विषय तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी बी. ए. झालो तो इतिहास घेऊन आणि मराठी माध्यमातून. जे मला समजलं ते तुम्हाला समजायला काहीच अडचण नाही.

आधी अण्णांबद्दल. आमचे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत स्टोअर कारकून होते. गिरणीत कामगाराला काहीही सामान हवं असलं, धोटा असो, कांड्या असोत की साच्याचा चामडी पट्टा असो, तरी तो स्वतः उठून कोठारातून घेऊ शकत नसे. जॉबरच्या सहीची चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी यायचं, चिठ्ठी आत सरकवायची आणि थांबायचं. आत अण्णा. सामान असेल तर देणार, नसेल तर चिठ्ठीवर 'शिल्लक नाही' असं लिहून परत करणार, सही नसेल तर 'सही नाही' म्हणून परत. आणि दिलं-न दिलं, दोन्हीची नोंद खतावणीत होणार.

अण्णांना नोंदीचं व्यसन होतं. गिरणीची खतावणी गिरणीत राहायची, पण घरी आल्यावर चहा घेता घेता ते दिवसातल्या वेगळ्या वाटलेल्या नोंदी आपल्या वहीत उतरवून काढत. कोण आला, काय मागितलं, काय मिळालं. एवढंच, टीकाटिप्पणी काही नाही. अशा अकरा वह्या आमच्या खोलीतल्या पोटमाळ्यावर होत्या. त्या मी गेली दोन वर्षं संगणकावर टंकत होतो. भाची म्हणाली म्हणून लिनक्स घेतलं, मराठी कळफलक बसवला आणि रोज सकाळी दोन पानं. अकरावी वही संपायला आली होती आणि एका संध्याकाळी फाइल उघडायला गेलो तर समोर पाटी: 'फाइल खराब झालेली आहे. दुरुस्त करायची का?' हो म्हटलं. 'दुरुस्त करता आली नाही.'

मास्तर माणूस असल्यामुळे मी पेन ड्राइव्हवर प्रत ठेवली होती. ती लावली. तीही खराब! हात थरथरायला लागले हो. वह्यांची पानं आता इतकी ठिसूळ झाली आहेत की टंकताना काही पानं उलटली ती शेवटचीच. पुन्हा सगळं करण्याइतके डोळे आणि तितकी वर्षं आपल्याकडे आहेत का, हा हिशेब त्या रात्री मी केला. उत्तर काय आलं ते सांगत नाही.

रविवारी भाची आली. ती पंचवीस वर्षं याच कामात आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, दोन प्रती दोन ठिकाणी होत्या ना? मग दोन्ही एकाच दिवशी कशा खराब होतील? प्रोग्रॅम काय म्हणतोय ते सोडा. तो काय मागतोय आणि त्याला काय मिळतंय ते बघू. स्ट्रेस लावू या."

मी म्हटलं, "बाई गं, स्ट्रेस आधीच भरपूर आहे, आणखी कशाला लावतेस?"

तर हे 'स्ट्रेस' म्हणजे एका साधनाचं नाव निघालं. 'सिस्टीम कॉल ट्रेस', म्हणून एस-ट्रेस. तिने काळी खिडकी उघडली, आमचा लेखनाचा प्रोग्रॅम त्या साधनामार्फत चालू केला आणि पडद्यावरून हजारो ओळी धबधब्यासारख्या पडायला लागल्या. मला काही कळेना. मग तिने समजावलं आणि पहिल्या दोन वाक्यांतच मी ताडकन उठून बसलो, कारण ती अण्णांच्या स्टोअरचंच वर्णन करत होती!

संगणकात म्हणे प्रोग्रॅमला स्वतःला काही करता येत नाही. डिस्कवरची फाइल उघडायची, वाचायची, त्यात लिहायचं, पडद्यावर काही दाखवायचं, तर आत बसलेल्या 'कर्नल'ला विनंती करावी लागते. (कर्नल म्हटल्यावर मला मिशीवाले लष्करी अधिकारी दिसले, पण इथे अर्थ गाभा, फळातला गर.) प्रत्येक विनंती म्हणजे एक सिस्टीम कॉल, म्हणजे एक चिठ्ठी. ओपन, रीड, राइट, क्लोज अशी या चिठ्ठ्यांची नावं. गाभा एक तर काम करून देतो, नाही तर कारण लिहून चिठ्ठी परत पाठवतो: अशी फाइल नाही, तुला परवानगी नाही, वगैरे. कारणांची यादी ठरलेली, प्रत्येकाला छोटं सांकेतिक नाव. स्ट्रेस काय करतं, तर खिडकीशी उभं राहून प्रत्येक चिठ्ठी आणि तिचं उत्तर उतरवून घेतं. बस्स. प्रोग्रॅमच्या मनात काय आहे, तो आतून कसा लिहिलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हजारो ओळींतून भाचीने एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या प्रोग्रॅमने माझी फाइल मागितली होती, मिळाली होती, वाचलीही होती, अगदी शेवटपर्यंत. म्हणजे फाइल धडधाकट होती! मग ती उलगडून ठेवायला त्याने तात्पुरत्या जागेत काही लिहायला मागितलं, आणि तिथे उत्तर आलं: 'ईएनओएसपीसी'. डिस्कवर जागा शिल्लक नाही. झालं! नातवाने उतरवून ठेवलेल्या सिनेमांनी डिस्क काठोकाठ भरली होती. प्रोग्रॅमला जागा मिळाली नाही, पण तसं न सांगता त्याने आपला तर्क चालवला आणि दोष माझ्या फाइलला दिला. सिनेमे उडवले, फाइल उघडली. अकराच्या अकरा वह्या जागच्या जागी.

'शिल्लक नाही' हा शेरा अण्णांनी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल! त्यांच्याच वह्या त्याच शेऱ्यापायी अडकून पडल्या होत्या.

पुढचे काही आठवडे मी भाचीच्या मागे लागून या साधनांचा इतिहास गोळा केला. इतिहासाच्या मास्तरला दुसरं काय सुचणार? आणि खरंच सांगतो, तो वाचण्यासारखा आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे कर्ते. आपल्या मुंबईकरांची युनिक्सशी गाठ पडली ती बहुधा नकळत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं मिळायचं ते नुसत्या अक्षरांचं. चित्रं नाहीत, माऊस नाही. मोडेम किंकाळ्या फोडायचा आणि आपण फोर्टमधल्या कुठल्याशा युनिक्स यंत्राच्या दारात उभे! माझ्या मुलाचं असं खातं होतं. त्याच्या आधी, जुहूला १९८५ मध्ये सुरू झालेली एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांनी ऐंशीच्या दशकातच 'अर्नेट'मार्फत आपसात ईमेल पाठवायला सुरुवात केली होती. एनसीएसटीचं मूळ पुन्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. असो. विषय चिठ्ठ्यांचा आहे.

चालू प्रोग्रॅमवर नजर ठेवायची पहिली सोय युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ साली आली. तिचं नाव 'पीट्रेस'. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला थांबवायचं, त्याच्या पोटात डोकावायचं आणि पुन्हा चालू करायचं. हेतू चुका शोधण्याचा होता, चिठ्ठ्या मोजण्याचा नव्हता. पुढे सन कंपनीच्या यंत्रांवर 'ट्रेस' नावाचं साधन आलं, ते चिठ्ठ्या दाखवायचं. ते पाहून पॉल क्रॅनेनबर्ग यांनी १९९१ मध्ये स्वतःचं साधन लिहिलं, तेच स्ट्रेस. १९९२ च्या सुरुवातीला ते सर्वांसाठी जाहीर झालं. सोबतच्या टिपणात त्यांनी कारण दिलं होतं ते मला फार आवडलं. आशय असा, की ज्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आपल्याला मिळत नाही त्यांच्या चुका शोधायला हे उपयोगी पडतं, आणि दुर्दैवाने कंपनीने दिलेले जवळपास सगळेच प्रोग्रॅम तसे आहेत! म्हणजे आतली पानं बंद आहेत ना, मग खिडकीशी उभं राहून येणारं-जाणारं तरी पाहू.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रँको लँकेस्टर यांनी ते लिनक्सवर आणलं. १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्ही शाखा एकत्र केल्या आणि त्यात आणखी एका साधनाचे पुष्कळ गुण घातले. त्यांच्यानंतरही सांभाळणारे बदलत गेले. २००९ पासून दिमित्री लेव्हिन हे काम पाहतात. तीस वर्षांहून अधिक काळ एखादी खतावणी एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे सोपवली जावी तसंच हे.

ते 'आणखी एक साधन' म्हणजे 'ट्रस'. हे एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही रिलीज ४ या युनिक्समधलं. (ट्रस म्हणजे छपराची कैची. गिरण्यांच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांखाली लहानाचा मोठा झालो, त्यामुळे शब्द ओळखीचा!) ट्रसने वेगळी वाट धरली. १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी बेल लॅब्जमध्ये एक सुंदर कल्पना मांडली होती: चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम ही जणू एक फाइलच समजायची, आणि फाइल उघडून वाचतो तसं त्याच्याकडे पाहायचं. त्याला 'प्रॉक' म्हणतात. रॉजर फॉकनर आणि रॉन गोम्स यांनी ती कल्पना सिस्टीम व्हीमध्ये पक्की केली आणि ट्रस त्यावर उभं राहिलं. भाची वीस वर्षांपूर्वी ज्या कचेरीत होती तिथे सोलारिसची यंत्रं होती. ती अजून म्हणते, "मामा, ट्रसची सवय लागली की बाकी सगळं आडगं वाटतं."

या दोन्हींत एक खोट आहे. दोन्ही साधनं प्रोग्रॅमला अडवतात. चिठ्ठी आत जाताना एकदा थांबवायचं, उत्तर घेऊन निघताना पुन्हा थांबवायचं. ब्रेंडन ग्रेग या जाणकाराने २०१४ मध्ये मुद्दाम एक टोकाचं उदाहरण घेऊन मोजलं, तर स्ट्रेस लावल्यावर काम ४४२ पट हळू झालं!

यावरून अण्णांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. एकदा पट्ट्यांचा हिशेब जुळेना. खतावणीत जितके गेले त्यापेक्षा कोठारात कमी भरत. वरून एक साहेब आला आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसला. येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचा, तिकीट नंबर विचारायचा, लिहायचा. रांग जिन्यापर्यंत गेली, साचे उभे राहिले, जॉबर शिव्या द्यायला लागले. आणि गंमत म्हणजे ते तीन दिवस हिशेब बरोब्बर जुळला! साहेब गेला, पुन्हा घोळ सुरू. शेवटी अण्णांनी सुचवलं, की चिठ्ठी दोन प्रतींत घ्या. एक प्रत पत्र्याच्या डब्यात टाका, रात्री निवांत ताडून पाहू. आठवड्यात घोळ सापडला. चोर कोणीच नव्हता. पाळी बदलताना जुना आणि नवा कारकून दोघंही घाईत खिडकीशी असायचे, आणि एखाद्या चिठ्ठीवर सामान जायचं पण दोघांनाही वाटायचं की नोंद दुसऱ्याने केली. साहेबामुळे सगळंच इतकं संथ झालं होतं की ही गडबड व्हायला वावच राहिला नव्हता.

हे ऐकून भाची हसत सुटली. संगणकातही अगदी हेच होतं म्हणे. दोन कामं एकाच वेळी एकमेकांच्या पायात आली की चूक होते, आणि स्ट्रेस लावलं की सगळं मंदावून ती चूक नाहीशी होते! आणि पत्र्याचा डबा? तोही आहे. त्याचं नाव 'केट्रेस'. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सचं हे साधन, ४.४ बीएसडी या आवृत्तीतलं. यात कोणी खिडकीशी उभं राहत नाही. गाभा स्वतःच प्रत्येक चिठ्ठीची नोंद एका फाइलमध्ये टाकत जातो आणि मग 'केडम्प' नावाच्या दुसऱ्या साधनाने ती सावकाश वाचायची. अडवणूक बरीच कमी, पण प्रकार घडत असताना बघायची सोयही कमी. ओपनबीएसडीसारख्या प्रणालींवर अजून हीच पद्धत आहे.

तिसरी पिढी २००५ च्या जानेवारीत सोलारिस १० बरोबर आली. 'डीट्रेस'. ब्रायन कँट्रिल, माइक शपायरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांचं हे काम. इथे प्रश्नच बदलला. 'सगळ्या चिठ्ठ्या दाखव' असं म्हणायचं नाही. 'रात्रपाळीत धोटे मागणारे किती, त्यातले रिकाम्या हाती किती गेले, तेवढी बेरीज दे' असं म्हणायचं. मोजणी गाभ्यात जागच्या जागी होते, बाहेर येतं ते उत्तर. त्यामुळे चालू कामावर ताण फारच कमी, आणि एका प्रोग्रॅमचं नाही तर सगळ्या गिरणीचं चित्र दिसतं. लिनक्सवर असंच काम करणारं 'ईबीपीएफ' २०१४ मध्ये आलं, आणि २०१८ मध्ये त्यावर उभं असलेलं 'बीपीएफट्रेस'.

मग यांत चांगलं कोणतं? असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. एकच प्रोग्रॅम आहे, तो का रुसलाय ते कळत नाही, वेळाची घाई नाही, तर स्ट्रेस किंवा ट्रस. वेळेच्या गडबडीतली चूक असेल तर केट्रेससारखा डबा. आणि हजारो लोक वापरत असलेलं यंत्र अडवून चालणार नसेल, तर डीट्रेस किंवा ईबीपीएफ. पण त्यांना प्रश्न नीट विचारता यावा लागतो. माझ्यासारख्याला आपला प्रश्न काय हेच ठाऊक नसतं, त्याला सगळ्या ओळी समोर पडलेल्याच बऱ्या!

यात अधिकाराचाही भाग आहे. खिडकीशी उभा असलेला माणूस सगळंच पाहतो. कोणी पासवर्ड टंकला तर तोही चिठ्ठीतूनच जातो. म्हणून दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर नजर ठेवायला बंदी असते, आणि लिनक्समध्ये २०१२ पासून आपल्याच प्रोग्रॅमांनी एकमेकांत डोकावण्यावरही लगाम घालणारी एक व्यवस्था आहे. तिचं नाव 'यामा'. नाव ऐकून मला आपला रेड्यावरचाच आठवला. हे रास्त आहे. पण उलटंही घडतं. ॲपलने २००७ मध्ये आपल्या संगणकांवर डीट्रेस आणलं, आणि २००८ च्या जानेवारीत लेव्हेंथल यांच्या लक्षात आलं की आयट्यून्ससारखे कंपनीचे काही प्रोग्रॅम या नजरेतून गुपचूप वगळले आहेत. ज्याने साधन घडवलं त्यालाच खिडकीवर पडदा दिसला! माझं यंत्र माझ्या नावाने काय मागतंय ते मला दिसावं की नाही? पडदा कोणापासून कोणाचं रक्षण करतोय, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

वर्गात मी मुलांना सांगायचो, की राजाने शिलालेखात काय कोरलं ते वाचा, पण त्याच्या कोठाराचे हिशेब मिळाले तर आधी ते वाचा. शिलालेख म्हणजे 'फाइल खराब आहे' ही पाटी. हिशेब म्हणजे स्ट्रेसच्या त्या रुक्ष ओळी. मात्र हिशेबाचीही मर्यादा असते. धोटा मागितला, मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. रिकाम्या हाताने परत गेलेल्या साचेवाल्याची त्या दिवसाची मजुरी किती बुडाली, घरी काय झालं, ते त्यात नसतं.

परवा अकरावी वही टंकून संपली. शेवटची नोंद शनिवार, १६ जानेवारी १९८२ ची. कोणीतरी धोटा मागितला आहे आणि पुढे अण्णांच्या अक्षरात 'दिला'. सोमवारी, १८ तारखेला संप सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अण्णा पुन्हा कधी त्या खिडकीत बसले नाहीत. पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली, तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागत. हजेरी पास, तिकीट, फंडाची पावती, काहीही. तेव्हा काही जुने शेजारी आमच्याकडे वह्या बघायला यायचे. घरच्या वहीला सरकारदरबारी किंमत नाही हे ठाऊक असूनही यायचे. आपलं नाव आहे का तेवढं बघायचे आणि चहा पिऊन जायचे.

प्रोग्रॅम संपला की स्ट्रेस शेवटी एक ओळ छापतं: तो आपणहून नीट संपला की कोणी मारला. अण्णांच्या वहीत तशी ओळ नाही. तो संपही अधिकृतरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. 'दिला' या शब्दानंतर पान कोरंच आहे. टंकताना मीही ते कोरंच ठेवलंय.

असो. आता फाइलच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि नातवाला सिनेमांसाठी वेगळी डिस्क घेऊन दिली आहे.